मुक्या लघुपटांतून बोलके इंग्रजी : दादरच्या एका शनिवारच्या वर्गाविषयी

दादर पश्चिमेला इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या वर्गांना तोटा नाही. कवी केशवसुत उड्डाणपुलाखालून निघून रानडे रोडच्या टोकापर्यंत चालत गेले, तरी 'फाडफाड इंग्रजी'ची हमी देणारी चार-सहा पत्रके हातात पडतात, आणि त्या बहुतेक वर्गांच्या आत एकच साचा असतो : काळांचा तक्ता, पाठ करायची वाक्ये आणि शेवटी सगळ्यांसमोर उभे राहून स्वतःची ओळख करून देणे. ज्या वर्गाविषयी येथे लिहायचे आहे, तो याच परिसरातल्या एका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर शनिवारी संध्याकाळी भरतो. त्याला नाव नाही, पाटी नाही, फाटकावर हाताने लिहिलेला एक कागद तेवढा चिकटवलेला असतो. एक निवृत्त शिक्षिका आणि चित्रपट-संकलनाचे काम करणारे एक गृहस्थ मिळून तो चालवतात, आणि पाठ्यपुस्तकाच्या जागी तेथे लघुपट वापरले जातात. मी परळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. पूर्ण शुल्क भरून, पण मागच्या बाकावर बसून सगळी तुकडी पाहू द्याल का, असे विचारले तेव्हा दोघांनीही आढेवेढे घेतले नाहीत.

वर्गाला येणारी मंडळी पाहिली की गरज कोणती आहे हे लगेच कळते. लालबागची एक परिचारिका, एका गृहनिर्माण संस्थेचे व्यवस्थापक, घरोघरी पार्सल पोहोचवणारा एक तरुण, बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रात नुकत्याच लागलेल्या दोन मुली, आणि नातवंडे परदेशात असल्यामुळे आलेल्या एक काकू. यांतल्या जवळजवळ सगळ्यांनी दहावीपर्यंत इंग्रजी शिकलेले आहे, कर्मणी-कर्तरी प्रयोग सोडवलेले आहेत, आणि समोरचा इंग्रजीत बोलू लागला की मात्र 'यस, यस' म्हणत मान डोलावण्यापलीकडे त्यांची गाडी जात नाही. डेल हाइम्स या अमेरिकन अभ्यासकाने १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हा फरक नेमका मांडला होता : व्याकरणशुद्ध वाक्य रचता येणे निराळे, आणि कोणाशी, केव्हा, कशा प्रकारे काय बोलावे हे उमगणे निराळे. आपल्या शाळांनी पहिले शिकवण्याचा प्रयत्न तरी केला. दुसरे अभ्यासक्रमात असले तरी गुणपत्रिकेत उमटत नसल्यामुळे मागे राहिले, हे मी आतल्या माणसाच्या अधिकाराने सांगू शकते.

हा वर्ग दुसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करतो, आणि त्यासाठी निवडलेले साधन अनपेक्षित आहे, कारण पहिले काही आठवडे दाखवलेल्या लघुपटांत बोलणेच नसते. त्यांतला सर्वांत उत्तम धडा 'अ चेअरी टेल' या १९५७ सालच्या कृष्णधवल लघुपटावर होतो. नॅशनल फिल्म बोर्ड ऑफ कॅनडासाठी नॉर्मन मॅकलरेन आणि क्लोद जुत्रा यांनी तो केला. लांबी सुमारे दहा मिनिटांची, पात्रे दोनच, एक माणूस आणि एक खुर्ची. माणसाला खुर्चीवर बसून पुस्तक वाचायचे आहे आणि खुर्ची त्याला बसू देत नाही. पार्श्वभूमीला पंडित रविशंकर यांची सतार आणि चतुरलाल यांचा तबला आहे, त्यामुळे पडद्यावरचा माणूस परका असला तरी कान पहिल्या मिनिटापासून घरचे असतात. (सतार सुरू होताच काकूंनी 'अहो, हे तर आपलेच' असे मोठ्याने म्हटले आणि सगळा वर्ग हसला. संकोच मोडायला तेवढे पुरले.)

मॅडम लघुपट सलग दाखवत नाहीत. माणूस खुर्ची पकडायला धावतो, झटापट करतो, मग रुसून जमिनीवरच बसतो आणि दुर्लक्ष केल्यासारखे करतो, तेव्हा खुर्ची हळूच त्याच्याजवळ सरकते. नेमके तेथे चित्र थांबवले जाते आणि एकच प्रश्न येतो : या क्षणी खुर्ची काय म्हणते आहे? उत्तर इंग्रजीत, एका वाक्यात. पहिली उत्तरे अपेक्षेप्रमाणे येतात, 'डोन्ट सिट ऑन मी', 'आय अ‍ॅम अँग्री'. पार्सलवाल्या तरुणाने 'व्हाय ऑलवेज मी' असे म्हटले, आणि ते त्याच्या कामाविषयीच होते अशी माझी खात्री आहे. मग बराच वेळ गप्प बसलेली परिचारिका म्हणाली, 'यू डिडन्ट आस्क मी.' मॅडमनी ते वाक्य फळ्यावर लिहिले, त्यावर काहीही भाष्य केले नाही आणि चित्र पुढे चालू केले. माणसाला अखेर उमगते की खुर्चीलाही एकदा त्याच्यावर बसायचे आहे. तो वाकून तिला बसू देतो, आणि मगच ती त्याला बसू देते. त्यानंतरचा अर्धा तास परवानगी मागण्याच्या सरावात गेला. 'कॅन आय', 'मे आय', 'इज इट ओके इफ' हे प्रकार पाठ्यपुस्तकातही असतात, परंतु तेथे ते एका चौकटीत शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि विद्यार्थ्याला त्यांतला फरक सांगून शिकवावा लागतो. येथे रुग्णाचा हात सुईसाठी धरण्यापूर्वी कसे विचारायचे, सोसायटीत येणाऱ्या अनोळखी माणसाला वही भरायला कशी सांगायची, असे प्रसंग विद्यार्थ्यांनी स्वतःच पुढे केले आणि कोणते वाक्य कोठे उद्धट वाटते यावर त्यांच्यातच वाद झाला. माझ्या वर्गात ही चौकट मी वर्षानुवर्षे शिकवत आले आहे. तिच्यावरून वाद झाल्याचे मला आठवत नाही.

संवाद नसलेला लघुपट बोलणे शिकवायला इतका उपयोगी का पडतो, याचे कारण मला या धड्यात सापडले. इंग्रजी संवादांचा चित्रपट लावला की शिकणाऱ्याची सारी शक्ती ते संवाद पकडण्यात खर्च होते. दोन शब्द हुकले की तो मागे पडतो आणि मग नुसता पाहत राहतो. मूक चित्रात हुकण्यासारखे काही नसते. गोष्ट सगळ्यांना सारखीच कळते, दहावी नापास मुलालाही आणि पदवीधर मुलीलाही, आणि शब्द पुरवण्याची जबाबदारी मात्र पाहणाऱ्यावर येऊन पडते. मुंबईला हे नवे नाही म्हणा. ७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची एकेका मिनिटाच्या आतबाहेरची मुकी चित्रे एक रुपया तिकीट लावून दाखवली गेली, तेव्हाही प्रेक्षकांना भाषेची अडचण आली नव्हती.

दुसरा लक्षात राहिलेला धडा मॅकलरेन यांच्याच 'नेबर्स'वर होता. १९५२ सालच्या या आठ मिनिटांच्या लघुपटाला ऑस्कर मिळाले, आणि तेही माहितीपटांच्या गटात, हे एक कोडेच आहे. दोन शेजारी आपापल्या घरासमोर आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत आहेत. मधोमध हद्दीवर एक फूल उगवते. दोघेही त्याच्या वासाने हरखतात, मग ते कोणाचे यावरून कुंपण, मारामारी आणि अखेर दोघांचाही शेवट. जिवंत नटांना बाहुल्यांप्रमाणे एकेका चौकटीने हलवून चित्रित करण्याच्या पिक्सिलेशन तंत्रामुळे ही मारामारी आधी हास्यास्पद वाटते आणि मग अंगावर येते. शेवटाकडे बायका-मुलांवर जो हात टाकला जातो, त्याची पूर्वसूचना वर्गाने द्यायला हवी होती. ती दिली गेली नाही, आणि काकूंनी तोंड फिरवलेले मी पाहिले. अमेरिकेत या दृश्यांना कात्री लावलेली प्रत बरीच वर्षे फिरत होती, म्हणजे अस्वस्थ होणाऱ्या त्या काही पहिल्याच नव्हेत.

धडा मात्र पक्का होता. पहिला ठोसा पडण्यापूर्वी चित्र थांबवून दोघादोघांना समोरासमोर बसवले आणि फुलाचा निकाल बोलून लावायला सांगितले. भांडण सगळ्यांना इंग्रजीत झकास जमले. 'धिस इज माय प्लेस', 'हू आर यू', 'आय विल कम्प्लेन', अगदी अस्खलित. सोसायटीच्या व्यवस्थापकांनी तर पार्किंगच्या वादातला सगळा दारूगोळा बाहेर काढला. तडजोडीची वेळ आली तेव्हा वर्ग एकदम थंड पडला, कारण भांडायला साधी विधाने पुरतात, तडजोडीला 'तुम्ही असे केलेत तर मी तसे करीन' अशी वाक्ये लागतात. तेव्हा मॅडमनी 'इफ'ची वाक्यरचना फळ्यावर लिहिली, आणि त्या दिवशी ती सर्वांनी मागून घेतली. व्याकरण गरजेच्या पोटी शिकवावे असे प्रशिक्षण शिबिरांत आम्हां शिक्षकांना दर वर्षी सांगितले जाते. ते प्रत्यक्ष घडताना मात्र मी क्वचित पाहिले आहे.

तंत्राच्या बाजूने आणखी एक प्रयोग चांगला होता. अर्ध्या वर्गाने पडद्याकडे पाठ करून बसायचे आणि उरलेल्या अर्ध्याने पाहत पाहत त्यांना इंग्रजीत सांगायचे. 'यस, यस' म्हणून वेळ मारून नेण्याची जी सवय आपल्या सर्वांच्या हाडीमासी खिळलेली आहे, ती येथे उघडी पडते, कारण शेवटी पाठ करून बसलेल्यालाच सगळी गोष्ट सांगावी लागते. कळले नाही तर थांबवायचे कसे, पुन्हा सांगा असे नम्रपणे कसे म्हणायचे, ऐकलेले आपल्या शब्दांत परत बोलून खात्री कशी करून घ्यायची, ही कौशल्ये कोणत्याही शब्दसंग्रहापेक्षा मोलाची आहेत. ग्राहक सेवेतल्या दोघींपैकी एकीने त्यासाठीचे एक वाक्य लगेच वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतले : 'सो यू मीन दॅट', आणि पुढे मोकळी जागा.

आता उणिवांकडे. पहिली उणीव पहिल्याच तासाला दिसली. सरांनी फळ्यावर ७, ३८ आणि ५५ असे तीन आकडे लिहिले आणि माणसाच्या संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्या-हावभावांचा ५५ टक्के असतो, असे सांगितले. व्यक्तिमत्त्व विकासाच्या प्रत्येक शिबिरात फिरणारे हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून आलेले आहेत, परंतु त्या प्रयोगांत प्रश्न एवढाच होता की सुट्या शब्दांतून व्यक्त होणारी आवडनिवड आणि ते बोलणाऱ्याचा स्वर किंवा चेहरा यांत विसंगती असेल तर ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो. भावना आणि आवडीनिवडी यांच्यापलीकडे हे समीकरण लागू नाही, असे मेहराबियन यांनी स्वतःच बजावून ठेवले आहे. शब्द खरोखर ७ टक्केच असते तर औषधाची मात्रा मुद्राभिनयाने सांगता आली असती. तासानंतर मी सरांना हे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, पण पुढच्या तासाला दुरुस्ती केली नाही. ज्यांना आधीच इंग्रजी शब्दांची भीती वाटते, त्यांना शब्दांचे महत्त्व नगण्य आहे असे सांगणे सोपे असते, आणि त्यांना ते ऐकायलाही आवडते. हितकारक मात्र नसते.

याच समजुतीतून दुसरी, आणि माझ्या मते सर्वांत मोठी, उणीव निघते. लघुपट चेहरा वाचायला शिकवतो. पण या मुंबईकर विद्यार्थ्यांना इंग्रजी लागते ते प्रामुख्याने फोनवर. ग्राहक सेवेतल्या मुलींना समोरचा माणूस कधीच दिसत नाही. पार्सलवाल्याला पवईच्या किंवा लोअर परळच्या टोलेजंग इमारतीच्या फाटकाशी उभे राहून, मागे ट्रकचे भोंगे वाजत असताना, 'विच विंग, विच गेट' विचारावे लागते. तेथे भुवया उंचावून भागत नाही. वास्तविक लघुपट हे साधन यासाठीही तितकेच चांगले आहे : पडदा झाकून फक्त आवाज ऐकवायचा आणि काय चालले आहे ते ओळखायला लावायचे, ही पद्धत चित्रपटांतून भाषा शिकवणारे शिक्षक सर्रास वापरतात. या वर्गाने ती वापरली, पण एकदाच, तास संपत आला असताना, आणि तीही घाईघाईने. त्या दहा मिनिटांत मुलींचे चेहरे जितके एकाग्र झाले तितके एरवी कधी झाले नव्हते. चालकांनी पुढच्या तुकडीत यासाठी किमान तीन-चार शनिवार राखून ठेवावेत, एवढे माझे स्पष्ट मागणे आहे.

मधल्या टप्प्यात बोलके इंग्रजी लघुपट आले, तेथे वर्ग जरासा सैलावला. एका ब्रिटिश लघुपटाच्या वेळी इंग्रजी उपशीर्षके ठेवावीत की नाहीत यावर दोन्ही शिक्षकांत मतभेद दिसला. सरांना ती चित्रावर डाग पडल्यासारखी वाटतात. येथे मी मॅडमच्या बाजूची आहे. जी भाषा ऐकू येते त्याच भाषेतली अक्षरे खाली धावत असली की कान आणि डोळा एकमेकांना सावरतात. अहमदाबादच्या आयआयएममधील ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून दूरदर्शनच्या चित्रगीतांसाठी हीच कल्पना साक्षरतेच्या अंगाने रेटली आहे. परक्या उच्चारांच्या गर्दीत शब्द कोठे संपतो हेच ज्याला कळत नाही, त्याच्यासाठी उपशीर्षक हा चित्रावरचा डाग नसून कठडा आहे, आणि तो हळूहळू काढून घेता येतो.

शेवटचा प्रकल्प म्हणजे गटागटाने मोबाईलवर दोन मिनिटांचा लघुपट करणे, विषय, गैरसमज. एका गटाने रेल्वेच्या तिकीट खिडकीवरचा प्रसंग निवडला. स्थानकात चित्रीकरणाला परवानगी लागते, म्हणून शाळेच्या व्हरांड्यात बाक उभा करून त्यालाच खिडकी केले, आणि परदेशी पर्यटकाची भूमिका काकूंनी गॉगल लावून इतकी मनापासून केली की छायाचित्रण करणाऱ्याचा हात हसून हलत राहिला. चित्रपट गोड झाला. परंतु मी जे पाहिले ते असे : कॅमेऱ्यासमोरची चार वाक्ये इंग्रजीत, आणि ती जुळवण्यासाठी झालेली तासाभराची चर्चा, म्हणजे कोणी कोठे उभे राहायचे, आवाज येतोय का, हे वाक्य काढू या, तुम्ही उशिरा आलात, ही सगळी मराठीत. खरा संवाद तेथेच झाला होता. ती चर्चा मोडक्यातोडक्या इंग्रजीत घडवून आणली असती, तर चित्रपट कदाचित बिघडला असता, पण शिकणे कितीतरी पटीने झाले असते. संकलक असलेल्या सरांचा जीव चित्रपटात अडकतो आणि वर्ग काही काळ चित्रपट-निर्मितीची कार्यशाळा होतो, हे त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून सांगावेसे वाटते.

निवडीबद्दलही एक तक्रार आहे. लघुपट सगळे बाहेरचे. फिल्म्स डिव्हिजन ही सरकारी संस्था, २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन होईपर्यंत, १९४८ पासून याच शहरात, पेडर रोडवर, लघुपट करत होती, आणि त्याच आवारातल्या गुलशन महालात व शेजारच्या नव्या इमारतीत २०१९ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे आहे. तेथले दिग्दर्शक प्रमोद पती यांनी चित्रकार आबिद सुरती यांना घेऊन १९७२ साली केलेला 'आबिद' हा लघुपट 'नेबर्स'च्याच पिक्सिलेशन तंत्राने केलेला आहे. चित्रकार आपली खोली रंगवत सुटतो, आणि त्याच्या मनात काय चालले असेल याबद्दल विद्यार्थी कितीही बोलू शकतील. मॅकलरेन यांच्या शेजारी पती यांना बसवले, तर विद्यार्थ्यांना तुलना करण्याची, मत देण्याची आणि त्या मताला कारण जोडण्याची इंग्रजी वाक्ये आयती मिळतील. दाखवण्याजोगे आपले पुष्कळ आहे. शोधण्याचे कष्ट घ्यायला हवेत.

सोयींविषयी थोडक्यात. दालनाला पडदे नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात सात वाजेपर्यंत कृष्णधवल चित्र फिके दिसते. ध्वनिक्षेपक एकच आणि तो पुढे आहे. पंखे जुने, आवाज करणारे. तुकडीत वीसच्या वर माणसे घेत नाहीत, आणि हे या वर्गाचे बलस्थान आहे. चुका बोलणे मध्येच तोडून न सुधारता शेवटी फळ्यावर नावे न घेता लिहिल्या जातात. मात्र त्या वहीत उतरल्या की नाहीत हे कोणी तपासत नाही, आणि घरी करण्यासारखा लेखी सराव जवळपास नाही. ज्याला परीक्षेसाठी किंवा कार्यालयीन पत्रव्यवहारासाठी इंग्रजी हवे आहे, त्याने येथे येऊन उपयोग नाही. ज्याला इंग्रजी वाचता येते, थोडेफार लिहिताही येते, पण समोर माणूस आला की जीभ टाळ्याला चिकटते, त्याच्यासाठी माझ्या पाहण्यातल्या वर्गांत याहून चांगला दुसरा नाही. शुल्क तीन महिन्यांचे एकदम घेतात, पण पहिले दोन शनिवार बसून पाहून नको वाटले तर परत देतात, आणि एका विद्यार्थ्याला ते विनातक्रार परत दिलेले मी पाहिले आहे. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होते. नाव नोंदवायला फाटकावरच्या कागदावरील क्रमांकावर फोन करावा लागतो, आणि मॅडम पलीकडून इंग्रजीतच बोलतात.